नामदेवांच्या वाट्याची हळकुंडं

देवाकडे हात पसरण्याची मला सवय नव्हती. आपलं काम नीट करावं, म्हणजे देवाला तकलीफ द्यावी लागत नाही, असं मी म्हणायची. शिरड शहापूरला घरचीच हळद दळून मी विकते. चिठ्ठी लावल्याशिवाय डबा माझ्या घरातून बाहेर पडत नाही. मुलगा सैन्यात निघाला तेव्हाही रडले नाही. ट्रंकेत काय कुठे ठेवलंय ते कागदावर लिहून दिलं.

या उन्हाळ्यात तो सीमेवरच्या बर्फाळ पहाडावर होता. खोकला थांबेना. त्याचा सोबती सलीम हिंगोलीचा. सुट्टी संपवून परत निघाला होता. त्याच्याजवळ द्यायला मी डबाभर हळदपूड भरली. गरम पाण्यात टाकली की झालं. तसल्याच दुसऱ्या डब्यात नव्या पिकातली अख्खी हळकुंडं भरली, नरसीच्या देवळात संत नामदेवांच्या पायाशी ठेवायला. दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या आणि एक डबा सलीमच्या हाती दिला.

आठ दिवसांत सीमेवर लढाई पेटली. मुलाचा फोन बंद झाला. नरसीला गेले, देवळासमोर डबा उघडला, तर आत पूड. चिठ्ठ्या मीच उलट्या लावल्या होत्या. लेकरू तिकडे खोकत असेल आणि त्याचं औषध माझ्याच हातात.

फुलं विकणाऱ्या म्हातारीला म्हटलं, “मावशी, चुकलं माझं. हे पोराचं औषध हाय.”

“मंग आता परत न्हेता का? ठिवा हीच,” ती हार ओवता ओवता म्हणाली. “देवाला कुठं दात हायेत हळकुंडं चावायला?”

डबा पायाशी ठेवला. मागणं काही सुचेना. एवढंच म्हटलं, “हे तुझं. अन् तो बी तुझाच.”

त्यानंतर अकराव्या दिवशी मुलाचा फोन आला.

“आई, हळकुंडं काहून धाडली? दगडानं ठेचत बसलो ना मी.”

मग त्यानं सावकाश सांगितलं. तिथं बर्फ वितळवून पाणी करावं लागतं. एका सकाळी बर्फाचे डबे भरून आणायची पाळी त्याची आणि सलीमची होती. सलीम दोघांचे डबे घेऊन बाहेर कपारीजवळ वाट पाहत उभा. हा आत बंकरमध्ये हळकुंड ठेचतोय. शेवटी वैतागून सलीम डबे तिथंच ठेवून आत आला. “अरे, तुझ्या मायनं सोबत पाटा-वरवंटा काहून न्हाई धाडला?” तो बोलतच होता, आणि तोफगोळा त्या कपारीवर पडला. दोघांचे रिकामे डबे तेवढे गेले.

त्याच पहाडावरून काही लेकरं परत आली नाहीत. त्यांच्या आयांची प्रार्थना माझ्याहून कमी नसेल. असं का, ते मला कळत नाही. कळल्याचा आव मी आणणार नाही. पण उभ्या जन्मात माझ्या हातून झालेली ती एक चूक कुणीतरी सांभाळून नेली, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मुलगा सुट्टीवर येऊन गेला. परत जाताना त्याला पूडच दिली. चिठ्ठी अजूनही लावते, दोनदा वाचते. मग डब्यावरून हात काढून घेते. माझं काम तिथवरच.