बळ, गडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवीला सांगायचा प्रश्नच नव्हता — ती समोरच बसली होती. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून. आणि एक आधीच बजावून ठेवते — मला धीर देऊ नका. धीर देण्याचं काम मी स्वतः पुष्कळ केलं आहे, आणि त्यात काय काय मिसळलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या चामराजपेटेतल्या मराठी बायकांत माझं नाव अजून निघतं. हळदीकुंकवाला कुणीतरी नव्या सुनेला माझ्याकडे बोट दाखवून सांगतंच — ह्या शांताक्का, विमलताईंच्या आजारपणात सावलीसारख्या उभ्या होत्या, सख्खी बहीण करणार नाही एवढं यांनी केलं. मी ऐकून घेते. ओटीतले हरभरे निवडत बसते आणि ऐकून घेते. कधी मान खाली घातली नाही, की 'छे हो, मी काय केलं' असंही म्हटलं नाही. खोटी नम्रता मला जमत नाही. खोटं बोलणं मात्र जमतं, ते पुढे कळेलच.

विमल कराडची. तिचे यजमान इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्रेपन्न सालाच्या सुमाराला त्यांनी जयनगरात घर केलं तेव्हा तिथे घरांपेक्षा प्लॉटांच्या दगडी खुंट्याच जास्त होत्या. ती मला पहिल्यांदा भेटली ती मार्केटात, भाजीवालीशी हुज्जत घालताना. भाजीवाली बिचारी म्हणत होती, "स्वल्प इरी, अम्मा" — म्हणजे जरा थांबा. आणि ही बया ओरडत होती, "स्वल्प नको, चांगले शेरभर दे!" मी मध्ये पडले, दोघींना समजावलं, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नुसतं हसून नव्हे. कुणीतरी भर बाजारात मराठीत भांडताना मी कित्येक दिवसांनी ऐकत होते.

मी निपाणीची. सासरचं आडनाव मराठी, पण घर पिढ्यान्‌पिढ्या इकडचं — सासूबाईंचा स्वयंपाक कन्नडात, टोमणेही कन्नडात. दोन्ही भाषा मला येत होत्या, पण मनातलं बोलायला एकच होती, आणि ती ऐकणारं घरात कुणी नव्हतं. मूलबाळही नव्हतं. विमल आली आणि माझं तोंड सुटलं. हे लक्षात ठेवा. सबब म्हणून सांगत नाही — पुढे जे केलं ते कशापायी केलं, एवढंच कळावं.

तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की 'लाइट' द्यायची — मशिनीखाली निजवून शेक देतात, त्याला इस्पितळात सगळे लाइटच म्हणत. तिची नलू तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला कराडला आजीकडे धाडलं. विमलला कन्नड येत नव्हतं, इंग्रजी बेताचं. यजमानांची नोकरी. मग इस्पितळात तिच्यासोबत कोण? मीच. नर्सबाई बोलली की मी मराठीत सांगायची, विमल बोलली की मी कन्नडात. तिच्या कानात जे पडे ते माझ्या तोंडून पडे. मी स्तोत्रं म्हटली, शुक्रवार धरले, भाताची पेज करून नेली, तिच्या उशाशी अंगारा ठेवला. तिला रडू दिलं नाही. रडायला लागली की मी दटावायची — रडतेस काय, बरी होणार आहेस तू. लोक याला सेवा म्हणतात.

आता फुलाचं सांगते. आमच्या गल्लीत अम्माचं लहानसं देऊळ आहे. काही कठीण ठरवायचं असलं की इकडे देवीला फूल विचारतात. अर्चक देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो, आपण मनात प्रश्न धरून उभं राहायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. तुमच्याकडे कौल लावतात, तसंच. पहिल्यांदा लाइट घेण्याआधी मी विमलला तिथे घेऊन गेले. उजवं फूल पडलं आणि अर्चक मोठ्यानं म्हणाला, "बलगडे कोट्टळु!" बलगडे म्हणजे उजवीकडे. उजवीकडचं दिलं, असं तो म्हणत होता. पण विमल माझा हात दाबून म्हणाली, "अगं अक्का, देवी मराठी बोलते! बळ, गडे, म्हणाली!"

मी तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "असू दे तुझा अर्थ. मला बळच दिलंन्." मग विचारलं, डावीकडला काय म्हणतात? मी म्हटलं, एडगडे. इकडे त्याचा उच्चार 'येडगडे' असाच होतो. ती देवळाच्या पायरीवर बसून हसत सुटली. "म्हणजे नाही म्हणायचं असलं की देवी येडं गडे म्हणते होय!" तेव्हापासून आमच्यात तीच भाषा झाली. लाइट घेऊन बाहेर आली, पिवळीफटक पडलेली असली, तरी मी म्हणायची बळ, गडे. आणि ती ओठ हलवून म्हणायची येडं, गडे.

वर्षभर बरं गेलं. नलू मात्र शाळेसाठी कराडलाच राहिली होती. मग काखेत पुन्हा गाठ आली, मानेतही.

डॉक्टर वयस्क होते, सरळ बोलणारे. विमलच्या यजमानांना आणि मला बाजूला घेऊन म्हणाले — लाइट पुन्हा देता येईल, थोडे दिवस वाढतील, कदाचित वाढणार नाहीत. त्रास मात्र नक्की होईल. तिला घरी जायचं असलं तर मी अडवणार नाही. यजमान खाली बघत म्हणाले, ती म्हणेल तसं. आणि ती काय म्हणाली? म्हणाली, "अक्का, मला नलूच्या वेण्या घालायच्यात. पण लाइटनं मी खरंच बरी झाले तर जन्मभर घालता येतील ना? मला काही ठरवता येत नाही बघ. तू देवीला विचार. लाइट घे म्हणाली तर घेते. नको म्हणाली तर कराडला जाते. तू येऊन सांगशील ते खरं."

कळलं ना? नवऱ्यानं तिच्यावर टाकलं, तिनं देवीवर टाकलं, आणि देवीचं म्हणणं पोचवायला होते मी.

मी न्हाऊन, कोरड्या तोंडानं गेले. अर्चकानं फुलं लावली. मी हात जोडून प्रश्न धरला — विमलनं लाइट घ्यावी का? फार वेळ काहीच हललं नाही. मग फूल पडलं. डावं. अर्चकानं ते उचलून माझ्या ओंजळीत घातलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "एडगडे, अक्का. बेड अंताळे." नको म्हणते.

तुम्ही म्हणाल, उजवं-डावं देवीचं की बघणाऱ्याचं, यात माणसाचा घोटाळा होतो. होतो की. नवख्याचा होतो. मी लहानपणापासून निपाणीत आणि इथे हेच बघत आले होते; उजवं म्हणजे देवीचं उजवं, आणि अर्चकानं तर तोंडानं सांगितलं. घोटाळा झाला नाही. फुलावर माझा विश्वास नव्हता, असंही म्हणणार नाही. होता. पुरता होता. म्हणूनच ते ऐकल्यावर मला देवीचा राग आला. तू कोण तिला पाठवणारी? — असं मी तिच्या तोंडावर म्हटलं. मनात म्हटलं, पण म्हटलं.

जटका — इकडचा टांगा — करून जयनगरात गेले. विमल दारातच खुर्ची टाकून बसली होती. "काय म्हणाली गं?" मी म्हटलं, "बळ, गडे."

झालं. हे ते.

आणि आता त्याहून वाईट सांगते. तिच्या तोंडावर आनंद उमटला नाही. खालचा ओठ जरासा थरथरला, आणि तिनं घाईनं पदर सावरला. तिला डावं फूल हवं होतं. तिनं मला देवळात धाडलं ते कुणीतरी घरी जा म्हणावं म्हणून. हे मला तिथल्या तिथे कळलं, नंतर कधी नाही. तेव्हाही हसून म्हणता आलं असतं, अगं थट्टा केली, डावंच पडलं, चल तुझी बॅग भरू. फूल माझ्या कनवटीलाच होतं. मी म्हटलं, "मग? आहेच तशी अम्मा. चल, रडायचं नाही."

का? लाइटनं ती बरी होईल अशी आशा होती म्हणून? नाही. डॉक्टरांचे शब्द मी नीट ऐकले होते. ती कराडला गेली असती तर मी पुन्हा त्या घरात मुकी झाले असते, म्हणून. आणि एवढे दिवस शुक्रवार धरणारी, तिला ओढून काढणारी शांताक्का — तिच्या हातातून ते काम गेलं असतं, म्हणून. मला ती हवी होती. बरी नसली तरी हवी होती. इथे हवी होती.

दुसऱ्या खेपेची लाइट कशी होती ते मी वर्णन करून सांगणार नाही, तुमची कणव मला नको. मानेची कातडी काळी पडून सुटली. पाणी गिळताना ती पलंगाची पट्टी घट्ट धरायची. आणि मी उशाशी बसून काय म्हणत होते? देवीनं सांगितलंय, थोडी कळ काढ. एकदा ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अक्का, परत एकदा विचारतेस का गं देवीला?" मी म्हटलं, एकदा दिलेला कौल परत विचारू नये, देवी कोपते. असा काही नेम नाही. मी तो तिथे बसल्या बसल्या रचला. परत विचारायची मला भीती वाटत होती.

ती गेली एका दुपारी, वॉर्डात, माझा हात धरून. लोक हेही कौतुकानं सांगतात — शेवटी शांताक्काचाच हात धरला होता. दुसरा कुणाचा धरणार? मी दुसरं कुणी तिथे येऊच दिलं नव्हतं.

तार गेल्यावर नलू आजीबरोबर आली. दोन वेण्या, आजीनं घातलेल्या, एक वर एक खाली. तिनं मला विचारलं, "आई सुटीत येते म्हणाली होती. का नाही आली?" मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "देवीची इच्छा, बाळा."

मी अजून त्या देवळात जाते. का जाऊ नये? क्षमा मागायला जात नाही. अम्मा माझ्याकडे बघते, मी अम्माकडे बघते. तिला काही म्हणायचं असेल तर तिनं म्हणावं.

नलूचं लग्न चौसष्टात झालं, इथेच, वडिलांच्या दारी. मुलगी शिकलेली, सरळ, बोलायला आईसारखी. मुहूर्ताआधी तिला गौरीहरापाशी बसवायची वेळ झाली आणि ती पिवळी अष्टपुत्री नेसून उभीच राहिली. म्हणाली, "जिनं माझ्या आईला माझ्याकडे येऊ दिलं नाही, तिच्यापुढे मी बसणार नाही." आत्या समजावून थकल्या, वडील बाहेर निघून गेले, भटजी घड्याळ बघायला लागले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शांताक्का, तुमचं ऐकेल ती, तुम्हीच सांगा.

सांगायला तीच वेळ होती, नाही का? सगळे होते. नुसतं म्हणायचं होतं — पोरी, ती तुझ्या आईला घरी जा म्हणाली होती. तुझा राग चुकीच्या बाईवर आहे.

मी म्हटलं, "नलू, देवीवर राग धरू नये. बस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही आईचं सगळं केलंत. तुमच्यासाठी बसते," म्हणाली, आणि देवीपुढे बसण्याआधी वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.