धुरपदाआत्याचं आजोळ

वंशावळ काढायला निघालेल्या माणसाला पूर्वज सापडतात कमी आणि किस्से चिकटतात जास्त. भिजल्या काळ्या रानातून चालताना चपलेला चिखल चिकटावा ना, तसे! आमच्या घरची वंशावळ अजून अर्धीमुर्धीच आहे. किस्से मात्र मी कुणालाच अर्धे सांगत नाही.

आमची टीम तिघांची. कॅप्टन आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, आष्टीच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. ड्रायव्हर सुदाम, माझा चुलत भाऊ, जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला. आणि मी तिथंच एका बियाण्याच्या प्लांटवर सुपरवायझर. नव्वदीच्या दशकातले आमचे किती रविवार सुदामच्या मोटारसायकलवर ट्रिपल सीट गेले, देवालाच ठाऊक.

हे सगळं सुरू झालं धुरपदाआत्यापायी. ती आप्पांची थोरली सावत्र बहीण. आत्या जन्मली आणि तिची आई बाळंतपणातच गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं. आप्पा आणि माझे वडील त्या दुसऱ्या आजीचे. पहिलीच्या माहेरचं पुढं कुणी फिरकलंच नाही. तिचं नाव रुक्मिणी आणि ती दुधनाकाठच्या कुठल्याशा गावची, एवढंच आमच्या घरात ठाऊक होतं.

एका दिवाळीत आत्यानं आप्पांना सरळच सांगितलं, "समद्यायला आजोळ हाय, मलाच न्हाई. मरायच्या आधी एकदा तरी आजोळचं दार बघू दे मला."

आप्पा म्हणाले, "अक्का, ते सापडल्याबिगर म्या बी मरत न्हाई!"

*

सुरुवात सोपी असावी म्हणून आधी भावकी धरली. तीर्थपुरीला आमची एक जुनी शाखा आहे, असं ऐकून होतो. बाजारच्या दिवशी गेलो. कारभाऱ्यानं आग्रहानं बसवलं, आतून चहाच्या आल्याचा वास यायला लागला. आप्पांनी पिशवीतून कागद काढला आणि विचारलं, "तुमच्या आजोबांचं नाव काय?"

आल्याचा वास यायचा एकदम थांबला.

"आजा? आमाला आजा नव्हता," कारभारी म्हणाला.

"अरे, असं कसं? आजा सगळ्यांना असतो!"

"असंल. आमच्यात न्हाई. आमचा बाप डायरेक्ट!"

मागून कळलं, कागद बघून त्याला वाटलं होतं की आम्ही जमिनीत वाटणी मागायला आलो आहोत. चहा काही मिळाला नाही.

*

मग आप्पांना कुणीतरी वंशावळी तोंडपाठ म्हणणाऱ्या एका भाटाचा पत्ता दिला. बोवा खडा आवाजाचा. डोळे मिटून त्यानं असं काही लावलं की आम्ही थेट एका राजाच्या पोटी जन्मलो! सुदाम तर ताठ बसला. पण आप्पा गुरुजी. उत्तर तपासल्याशिवाय मार्क देणारे नव्हेत.

"काय हो, सकाळी पाटलाच्या ओसरीवर पण तुम्ही हाच राजा सांगितला. ते अन् आम्ही तर एका कुळाचे बी न्हाई!"

भाटानं डोळे न उघडता सांगितलं, "गुरुजी, राजा मोठा व्हता. त्याला पोरं लई व्हती."

*

भावकीतली एक काकू नव्वदीला टेकली होती. वरच्या दोन पिढ्यांची नावं माहीत असलेली ती एकटीच. पण नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिरांचं नाव तोंडातून काढील तर शपथ! "मोठ्यायचं नाव घेत असत्यात व्हय?" एवढंच उत्तर.

आप्पांनी डोकं लढवलं. तिनं बोलायचं नाही, आपण बोलायचं! सुदाम तिच्यापुढं बसून एकेक नाव घ्यायला लागला. "म्हादू? खंडू? राघो?" राघो म्हटलं आणि काकूनं डोक्यावरचा पदर झटकन कपाळावर ओढला. आप्पांनी लगेच लिहून घेतलं. ज्या नावाला पदर खाली, ते नाव बराबर!

असे नवरा आणि दोन्ही दीर मिळाले. राहिला सासरा. सुदामच्या जवळची सगळी नावं संपली, देवांची संपली, नद्या-डोंगरांची संपली, पदर काही हलेना. शेवटी आप्पाच कंटाळून म्हणाले, "सुदाम, राहू दे आता, थकली ती."

पदर नाकापर्यंत आला!

सुदामच्या बारशाला म्हणे काकू पाळण्यापाशी नुसती "हे नगं, हे नगं" करत होती. का नको, ते कुणाला कळलं नव्हतं. सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं!

*

एकदा मी जेवणाच्या सुट्टीत प्लांटवर वंशावळीचा तक्ता पसरून बसलो होतो. आमचे मॅनेजर येऊन मागं उभे राहिले. आमच्या प्लांटवर प्रत्येक बियाण्याचा नर वाण कोणता आणि मादी वाण कोणता, याची नोंद असल्याशिवाय पिशवी शिवत नाहीत. त्यांनी तक्त्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"हे सगळे नरच दिसून राह्यले. मादी कुठंय?"

"साहेब, वंशावळीत बायकांची नावं लिहीत नाहीत."

"मंग हा लॉट रिजेक्ट!"

मी हसत हसत आप्पांना हे सांगायला गेलो, पण आप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरा तक्ता घेतला आणि प्रत्येक पुरुषाशेजारी एक जागा सोडून सगळं नव्यानं लिहिलं. जवळपास सगळ्या जागा रिकाम्या राहिल्या. हरवलेली रुक्मिणी एकटी नव्हती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

आप्पांचा जोर मात्र दुप्पट झाला.

*

मग दुधनाकाठची गावं सुरू झाली. एकेका गावात जायचं, बरी घरं बघून विचारायचं, "तुमच्याकडची रुक्मिणी आमच्याकडं दिलेली का?" पण पांढरेशुभ्र कपडे घातलेले गुरुजी आणि सोबत लग्नाच्या वयाचा सुदाम. त्यात आल्या आल्या कुळ विचारणार, देवक विचारणार. एका घरी यजमानानं आम्हाला पुढं बोलूच दिलं नाही. पोहे आले, आणि पोह्यांची ताटली घेऊन पोरगी आली!

आप्पा गडबडले. "न्हाई, न्हाई, आम्ही मेलेल्या बाईसाठी आलो."

यजमान म्हणाला, "असं अभद्र बोलू नका गुरुजी. जित्ती पोरगी समोर उभी हाय!"

त्या उन्हाळ्यात सुदामचं लग्न झालं. तिथंच, त्याच पोरीशी.

लग्नात ताटभर तांदूळ पसरून पुढं ठेवले. सुदामनं बोटातल्या अंगठीनं त्यात नवरीचं नवीन नाव लिहिलं. टाळ्या पडायला लागल्या, तेवढ्यात आप्पा ओरडले, "थांबा!"

वाजंत्री थांबली. नवरीचा बाप हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं, मानपानात काही कमी पडलं. आप्पांचं लक्ष ताटाकडंच.

"अरे, तिचं बी बदललं असंल की रे नाव!"

शेजारी आप्पांची बायको, आमची मोठीआई बसली होती. ती म्हणाली, "आता सुचलं व्हय! इतका संसार झाला, माझं माहेरचं नाव काय, सांगा बरं!" आप्पांना पुरुषांच्या सात पिढ्या पाठ होत्या, पण हे नाव आठवायला त्यांना अर्धा कप चहा लागला.

रुक्मिणी हे आमच्या घरानं ठेवलेलं नाव. माहेरी ते कुणाच्या कानावरही पडलं नसणार. एवढी गावं हिंडलो आणि प्रत्येक ठिकाणी भलत्याच बाईला हाका मारत राहिलो! सात पिढ्या शोधणाऱ्या तीन शहाण्यांना घराघरात चालणारी रीत दिसली नाही.

*

आप्पा म्हणाले, "आता नाव विचारायचंच न्हाई. सर्वपित्री अमावस्येला निघायचं. त्या दिवशी जित्ती मानसं घरी असत्यात, अन् मेलेले बी."

पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात. या वेळी आत्या म्हणाली, "मी बी येनार. तुम्ही बापे नुसते बाप्यांनाच इचारता." मग काळीपिवळी जीप ठरवली.

तिसऱ्या की चौथ्या गावात एक घर लागलं. इथं आम्ही पूर्वी येऊन गेलो होतो. दारातल्या पोरसवदा गड्यानं "रुक्मिणी? न्हाई बा आमच्यात कोनी," म्हणून बाहेरूनच वाटेला लावलं होतं. आज घरचा म्हातारा घरी होता. "पित्तराच्या दिवशी पावनं आले, लई बेस झालं, या," म्हणत त्यानं आत घेतलं. परसातल्या बुटक्या भिंतीवर तो पळसाची पानं मांडत होता. खीर, कढी, वडे, गवारीची भाजी.

"हे आज्याचं. हे आज्जीचं. हे काशीआत्याचं," असं पुटपुटत त्यानं शेवटी एक लहानसं पान मांडलं.

आप्पांनी विचारलं, "अन् हे बारकं कोनाचं?"

"काशीआत्याच्या लेकराचं. पहिल्याच बाळंतपनात मायलेकी दोघी गेल्या म्हनून सांगावा आल्ता. आमच्या आज्जीनं लावून दिलेली रीत हाय ही. लेकराचं पान चुकवायचं न्हाई, म्हनायची."

"कुठं दिली व्हती काशीआत्या?"

म्हाताऱ्यानं आमच्या गावाचं नाव घेतलं. मग आमचं आडनाव घेतलं.

सुदामनं माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात एक कावळा खाली उतरला आणि नेमका त्या लहान पानाजवळ बसला.

धुरपदाआत्या काठी टेकत पुढं झाली. "हाड! हाड मेल्या!" करत तिनं कावळा हाकलला, ते पान दोन्ही हातांनी उचललं आणि ओट्यावर मांडी घालून बसली.

"सत्तर वर्सं माझं जेवन ह्यो खाऊन राह्यला व्हय!" ती त्या म्हाताऱ्याला म्हणाली. "बघत काय राह्यलास? कढी वाढ!"