दादाच्या झोपेची वही

शहापूरच्या डॉक्टरांनी दादाला पहिला प्रश्न जेवणाचा विचारला नाही, म्हणून आम्ही दोघेही गडबडलो. एसटीत बसून आम्ही उत्तरं तयार केली होती. भात किती, चहा किती, गोड किती. निघताना वहिनीने बजावलं होतं, "भावजी, पौर्णिमेची खीरपण सांगा हां. लपवतील हे." डॉक्टरांनी दादाच्या पायाच्या अंगठ्यावरची पट्टी सोडली, जखम पाहिली आणि विचारलं, "झोपता किती वाजता?"

"सकाळी साडेनऊ-दहाला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "आणि उठता?"

"कोण उठवील तवा."

दादा विनोद करत नव्हता. दाराशी नंबर लावून बसलेली एक बाई हसली, तेव्हा तो तिच्याकडे वळून म्हणाला, "खरंच सांगतोय गो बाय."

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. किन्हवलीजवळच्या गावातून आम्ही दोघे आसनगावजवळच्या एका सूत कारखान्यात फिटर म्हणून जायचो. मी दिवसपाळीला, तो कायम रातपाळीला. मी सकाळी घरातून निघायचो तेव्हा तो वाटेत कुठेतरी येत असायचा. कधीकधी आमच्या गाड्या एकमेकींना ओलांडून जायच्या आणि खिडकीतून तो हात करायचा.

त्या साली भातकापणीनंतर त्याच्या अंगठ्याला धसकट लागलं. एवढंसं टोचलेलं, पण महिना झाला तरी सुकेना. तहान अशी लागायची की तांब्या पुरेना. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, साखर निघाली. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, अंगठा सांभाळा, असाच चिघळला तर कापावा लागेल. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच भीती होती, दादाचा अंगठा.

मग घरादाराने त्याच्या ताटावर पहारा बसवला. भाताच्या जागी नाचणीची भाकरी आली. चहातली साखर गेली, सकाळी कारल्याचा रस आला. आई कळवळून म्हणायची, "भाताबिगर माणूस उभा राहील का रे?" आणि तरी वाढायची भाकरीच. मी एक दिवस रजा टाकून मुरबाडवरून सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत गेलो आणि तिथून बिवळ्याच्या लाकडाचा पेला करून आणला. त्यात रात्री पाणी ठेवायचं आणि ते लालसर झालं की सकाळी प्यायचं, साखर उतरते म्हणतात. भावासाठी केवढी पायपीट केली, असं गावात झालं. ते कौतुक ऐकताना मला मान वर करवत नव्हती. पेला आणणं सोपं होतं. दादाला खरं जे द्यायला हवं होतं ते माझ्याजवळ होतं, आणि ते मी नऊ वर्षं देत नव्हतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या खात्यात दिवसपाळीची एकच जागा झाली होती. हक्क दादाचा, नोकरीत तो जुना. सुपरवायझरने मला सहज विचारलं, "तुमच्या दोघांत कोणाला देऊ?" माझं नवं लग्न झालं होतं. मी म्हणालो, "दादाला रातपाळीच बरी पडते साहेब. दिवसा शेत बघता येतं." हे अगदीच खोटं नव्हतं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत दादा एकदा म्हणाला होता, "चार दिवस रातपाळी बरी." त्याच्या त्या चार दिवसांची मी नऊ वर्षं केली. दादाला वाटलं, वरूनच ठरलं.

म्हणून डॉक्टरांचा झोपेचा प्रश्न मला माझ्यासाठीच वाटला. ते शांतपणे सांगत होते, "झोप हेच एक कारण, असं नाही. वडिलांना साखर होती म्हणता, तेही आहेच. पण वर्षानुवर्षं रात्री जागायचं आणि दिवसा तुकड्यातुकड्यांनी झोपायचं, याने शरीराला साखर आवरणं जड जातं. गोळ्या मी देतो. पथ्य घरचे बघतील. झोपेचं कोण बघणार?"

मी म्हणालो, "तशी आठ तास होते त्याची."

"मोजलीत?"

नव्हती मोजली. पण त्या एका शब्दाने डोक्यात किडा सोडला. पथ्याची एवढी चर्चा झाली, आणि आपला भाऊ झोपतो किती, हे घरात कुणालाच ठाऊक नाही? आठवडाभर रजा काढली, मुलीची अर्धी कोरी वही घेतली आणि ओटीवर बसलो. उठवणाऱ्याला अडवायचं नाही, फक्त लिहायचं, असं ठरवलं.

पहिल्या दिवसाचं पान अजून डोळ्यांसमोर आहे. नऊ पन्नास, झोपला. दहा वीस, पोत्याला हात लावायला आईने उठवलं. अकरा पाच, विहाराच्या पत्र्यांबद्दल विचारायला दोघं आले. बारा, वहिनी, गोळीसाठी. बारा चाळीस, आई, जेवायला. दोन, छपराचा पत्रा तापला, आपणच उठून पडवीत आला. अडीच, शेजारी, नुसतंच, "झोपलायस काय रे?"

आठवड्यात सगळ्यात लांब तुकडा सव्वा तासाचा निघाला. आणि चौथ्या दिवशी, तीन दहाला, माझ्याच अक्षरात, "मी. पाना कुठे आहे विचारायला." वही मांडीवर असताना मी त्याला उठवला होता!

हे होतं कसं, याचं मला नवल वाटू लागलं. दादावर माया नसलेलं घरात कुणी नव्हतं. मी आईला विचारलं, "झोपलेल्याला का उठवलंस?"

"झोपला कुठं होता? पडला होता."

मग मला ते सारखं ऐकू यायला लागलं. दारात कुणी आलं की वहिनी म्हणायची, "पडलेत जरा." शेजारी म्हणायचा, "पडलाय वाटतं." आमच्याकडे माणूस रात्री झोपतो, दिवसा तो पडतो. झोपलेल्याला उठवायला काही कारण लागतं, पडलेल्याला हाक मारली की झालं. नऊ वर्षं दादा आमच्या लेखी झोपलाच नव्हता, नुसता पडत होता.

आठव्या दिवशी वही त्याच्या हातात दिली. तो बोट ठेवून वाचत गेला. "आईचं नाव सगळ्यात जास्त हाय बघ," म्हणून हसला. "आणि ह्यो शेजारी लेकाचा, काही काम नसताना येतो." मग त्याचं बोट माझ्या ओळीवर आलं. "तू पण?"

"माझं अजून एक आहे," मी म्हणालो, आणि सुपरवायझरला काय सांगितलं होतं ते सगळं सांगून टाकलं. माझं नवं लग्न हे खरं कारणही सांगितलं.

तो चिडेल, हात उगारेल, असं वाटलं होतं. त्याने वही मिटली. अंगठ्याची सैल झालेली पट्टी नीट बसवली. मग म्हणाला, "मला वाटलं, साहेबाला माझं काम पसंत नाय. नऊ वर्षं तेच धरून बसलो मी."

झोपेचा हिशोब माझ्या वहीत होता. हे त्यात कुठेच नव्हतं.

वही परत देत तो म्हणाला, "मंग आता जाऊन सांग त्याला." एवढंच. पुढचे दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलला.

मी जाऊन सांगितलं. सुपरवायझर वैतागला, पण अदलाबदल झाली. दादा दिवसपाळीला आला, मी रातपाळीला गेलो. उन्हाळ्यापर्यंत त्याचा अंगठा सुकला. नख गेलं, अंगठा राहिला. गोळ्या चालूच होत्या, भाकरीही. कशाने किती फरक पडला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. झोप नीट झाली असती तर साखर झालीच नसती का, हेही मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तसं कुणालाच सांगता येणार नाही." माझ्या चुकीचं वजन मला आजवर नेमकं करता आलेलं नाही.

रातपाळीवरून पहिल्यांदा घरी आलो तो दादाच्या सुट्टीचा दिवस होता. मी आत जाऊन आडवा झालो. ओटीवर तो बसला होता. डोळा लागतोय तोवर शेजाऱ्याचा आवाज आला, "धाकटा पडलाय काय रे?"

"पडलेला नाय," दादा म्हणाला. "झोपलाय तो. संध्याकाळी ये."

त्याच्यासाठी असं दारात कुणी बसलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं. तासाभराने दार कुरकुरलं आणि अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, "झोप लागली का रे?"

मी डोळे उघडले नाहीत.