आमची म्हाळसा नाताळला चर्चमध्ये गेली तेव्हा...

या नाताळला आम्ही तिघी सासू-सुना वडवणीहून एसटीने बीडला गेलो... चर्चमध्ये! आमच्या घरातलं आजवर कुणी चर्चची पायरी चढलेलं नव्हतं.

मारिसा माझी धाकटी जाऊ. फिलिपिन्सची. माझे दीर दोहाला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहेत, तिथेच ती रिसेप्शनला होती... ओळख झाली, लग्न झालं. पावसाळ्यात भाऊजी तिला इकडे घेऊन आले आणि सुट्टी संपल्यावर एकटेच परत गेले. तिला दिवस गेले होते, तब्येत नाजूक होती.

दोहात शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी आणि इथे उचललेलं मराठी मिसळून ती बोलते. माझं बघून सासूबाईंना 'आत्याबाई' म्हणते. आत्याबाईंच्या तोंडात मात्र 'मारिसा' काही बसेना... त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिची 'म्हाळसा' करून टाकली.

दिवाळीत ती खूश होती. माझ्याबरोबर चकल्या पाडल्या, पणत्या लावल्या. भाऊबीज झाल्यावर मी आकाशकंदील उतरवायला गेले, तर तिने माझा हात धरला... त्यांच्याकडे म्हणे असाच चांदणीचा कंदील नाताळभर दारात असतो. शेजारच्या काकूंनी दोन-तीनदा हटकलं, तर आत्याबाईच म्हणाल्या, "असू द्या की. तिच्या मुलखातली दिवाळी अजून व्हायची हाय."

पण डिसेंबर लागला आणि पोरगी मिटत गेली. जेवण कमी झालं. आईचा व्हिडिओ कॉल संपला की बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसायची. बाळंतपणाला आईकडे जायचं ठरलं होतं, पण बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं.

आत्याबाईंनाही तोच घोर. रोज भाकऱ्या थापताना माझ्याजवळ बोलायच्या, "पयलं बाळंतपण माहेरी व्हावं लागतंय गं. हिचं माहेर समुद्रापल्याड... कसं करावं?"

नाताळच्या आदल्या दिवशी मारिसाने मला हळूच विचारलं, बीडला चर्च आहे का? मी एकटी जाऊन येईन म्हणाली. आत्याबाईंच्या कानावर गेलंच. "पोटुशी बाई एकटी का म्हून जाईल? मी येते." सणाला रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सकाळी उठून त्यांनी पुरण शिजवलं... डबाभर पोळ्या घेऊन आम्ही गाडीत बसलो.

चर्चच्या दारात आत्याबाईंनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मागच्या बाकावर अगदी कडेला अंग चोरून बसल्या. गाणी सुरू झाली. सगळी मराठीत.

मध्येच एका गाण्याला मारिसा एकदम ताठ झाली. चाल तिच्या ओळखीची होती! सगळे मराठीत गात होते आणि ती हळू आवाजात तिच्या भाषेत... गाता गाता रडायला लागली, पण गाणं सोडलं नाही. आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो गाणं संपेपर्यंत काढला नाही.

नंतर अंगणात फराळ होता. केक होताच, पण करंज्या, शंकरपाळे, चिवडासुद्धा! "अगं बया, ह्ये तर आपलंच हाय सगळं," आत्याबाई म्हणाल्या आणि जरा सैल झाल्या. पोळ्यांचा डबा बघता बघता रिकामा झाला.

तेवढ्यात एक वयस्कर बाई जवळ आल्या. सगळे त्यांना मार्थामावशी म्हणत होते... बीडच्याच, रिटायर झालेल्या नर्स. "कुणाची गं तू?" त्यांनी मारिसाला विचारलं. ती आत्याबाईंकडे बघायला लागली.

"माझी सून हाय," आत्याबाई म्हणाल्या. "सातवा लागलाय. पण माहेर लई लांब हाय हिचं... आय जवळ न्हाई..." इतक्या दिवसांचा घोर त्यांनी त्या अनोळखी बाईपुढे सांगून टाकला.

मार्थामावशींनी मारिसाचा हात हातात घेतला. "मग मी हाय की हिची आई. माझी लेक ऑस्ट्रेलियाला असते, तिच्या बाळंतपणाला मला जाता आलं न्हाई. हिला येऊ द्या माझ्याकडं. दवाखाना बी जवळ हाय."

आत्याबाईंनी रिकामा डबा पदराने पुसायला घेतला. मला वाटलं, बिनसलं काहीतरी...

मग म्हणाल्या, "धाडते. पण मी मधी मधी येऊन बसणार. आन् बाळ सव्वा महिन्याचं झालं की न्यायला बी मीच येणार. चालंल का तुमाला?"

"न चालून सांगते कुणाला?" मार्थामावशी हसल्या. "विहीणबाईंना च्या तर पाजावाच लागंल."

मारिसाला यातलं निम्मंही कळलं नव्हतं. मी म्हटलं, बीडला तुझं माहेर ठरलं. "माहेर मतलब?" मी म्हटलं, आईचं घर.

मग तिने मार्थामावशींचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला... मोठ्यांना मान द्यायची त्यांची ती रीत. तसंच आत्याबाईंनाही केलं. आत्याबाईंना रीत माहीत नव्हती, त्यांनी हात तिथेच ठेवून तिचं डोकं कुरवाळलं.

परवा मारिसाला सोडून आलो. मार्थामावशींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मगच आत घेतलं. मारिसाची आई फोनवर हे सगळं बघत होती आणि डोळे पुसत होती. येताना गाडीतच आत्याबाईंनी पुढच्या रविवारी परत जायचं पक्कं करून टाकलं.

मार्थामावशी, ही पोस्ट तुमच्यापर्यंत कुणीतरी पोहोचवेल. आभार मानत नाही... माहेरच्या माणसांचे आभार कुणी मानतं का?