मावशींच्या हाताचं तेल

कारखान्यात परत आलेल्या मालाची एक फाइल आहे. तिच्यातल्या एका कागदावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे : 'कारण – तपासणाऱ्या बाईच्या हाताचं तेल.' खाली माझी सही आहे. हे कारण खोटं आहे. लिहिलं तेव्हा मला ते खरं वाटत होतं. वर्षभरात खोटं असल्याचं कळलं, तरी तो कागद मी तसाच राहू दिला. आता सत्तरी ओलांडली. जे झालं ते लिहून ठेवतो.

उर्से गावाजवळच्या एका लहान कारखान्यात मी तपासणी विभाग सांभाळत होतो. आम्ही विमानांच्या ब्रेकसाठी रबरी सील बनवत असू. तळहातावर मावणारी काळी कडी आणि तिला नखाएवढी पातळ कड. विमान उतरताना ब्रेकची काजळी उडते, धावपट्टीवरचं पाणी आणि धूळ उडते. ते आतल्या दट्ट्यापर्यंत पोचू नये एवढंच तिचं काम. साच्यातून निघालेलं प्रत्येक सील पोलादी शंकूवर चढवायचं, हलकं ताणायचं, कडेवरून बोट फिरवायचं आणि उतरवून लगेच पिशवीत बंद करायचं. कडेला केसाएवढी चीर असली तरी बोटाला कळते, हातमोज्यातून कळत नाही. म्हणून हे काम उघड्या हातांनी व्हायचं, आणि म्हणूनच हातांवर माझी नजर असायची. विमानाच्या ब्रेकमध्ये खास द्रव असतो. त्याला टिकणाऱ्या या रबराला साधं तेल मात्र सोसत नाही. तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं. बायकांनी हाताला तेल किंवा मलम लावून यायचं नाही, हा नियम मीच भिंतीवर लिहून लावला होता.

मळवलीहून येणाऱ्या एक मावशी तपासणीत सगळ्यांत जुन्या होत्या. वयानं माझ्याहून लहान, पण सगळं खातं त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. त्या वर्षी दसरा भातकापणीच्या तोंडावर आला. बाकीच्या बायका शेतावर थांबल्या होत्या. एक लॉट तातडीनं जायचा होता, म्हणून मी मावशींना निरोप पाठवला. विळ्यानं बोट कापलं होतं तरी त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या. पूर्ण लॉट त्यांनी एकटीनं तपासला. टॅगवर शिक्का त्यांचाच.

तीन आठवड्यांनी लॉट परत आला. त्यातली बरीच सीलं किंचित फुगली होती, बोटाला लोण्यासारखी लागत होती. विमानावर एकही चढलं नव्हतं, पिशवी उघडतानाच माल घेणाऱ्यांनी ती बाजूला काढली होती. मालक शांत माणूस. त्यांनी फक्त विचारलं, "तेल कुठून आलं?"

मला मावशींचं बोट आठवलं. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत ते चकाकत होतं. त्यानंतर मी त्यांच्यावर पाळत ठेवली. त्या हात धुवायला गेल्या की मागून जाऊन साबण ओला आहे का ते बघायचो. त्यांनी हाताळलेली पिशवी नाकाशी धरायचो. एकदा सील घेण्याच्या निमित्तानं त्यांच्या बोटांचा वास घेतला, आणि त्यांना ते कळलं. त्या दिवसापासून त्या सील माझ्या हातात न देता टेबलावर ठेवू लागल्या. मला तीही लपवाछपवी वाटली. एका दुपारी मी सगळ्यांसमोर त्यांची पिशवी उघडायला लावली. भाकरीच्या फडक्याखाली एक डबी निघाली. हळद घातलेलं खोबरेल.

"रातच्याला घरी लावते, भाऊ," त्या म्हणाल्या. "हितं जेवायच्या सुट्टीत येकदाच लावलं. धुतलं की मंग हात साबनानं."

"एकदाच लावलं ते त्याच दिवशी ना?"

"व्हय. त्याच दिवशी."

हा कबुलीजबाब मी धरून ठेवला. एक सील खोबरेलात बुडवून ठेवलं, ते थोडं फुगलं, आणि मालकांना नेऊन दाखवलं. वाटीभर तेलात बुडलेलं सील आणि साबणानं धुतलेलं बोट यांत काय फरक आहे, हे मालकांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या सोमवारपासून मावशी कामावर नव्हत्या. कागद मी त्याच संध्याकाळी लिहिला.

वर्षभरानं पुन्हा खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून, हळदकुंकू आणि झेंडू वाहून पूजा होते. आदल्या वर्षी पूजेचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. माझे वडील खंडेनवमीला विळे-कोयते तेलाच्या बोळ्यानं पुसून चकचकीत करून पाटावर मांडायचे. तेलाशिवाय लोखंड देवापुढे ठेवायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. मी घरून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली होती. या वर्षीही आणली. पाने, पकडी, मापं सगळं पुसलं. मग तपासणीचा शंकू हातात घेतला, बोळा फिरवला आणि थांबलो.

आदल्या वर्षीही मी तो असाच पुसला होता. पूजा झाल्यावर कपाटात ठेवला, दसऱ्याची सुट्टी गेली, आणि दुसऱ्या दिवशी मावशींनी त्याच्यावर तो लॉट चढवला. त्या तेलाला वासही नसतो.

तरी मला स्वतःवर संशय घ्यायचा नव्हता. एक चांगलं सील घेऊन तेलकट शंकूवर चढवलं, उतरवलं, पिशवीत बंद करून टेबलाच्या खणात ठेवलं. रोज खण उघडून दाबून बघायचो, आणि कोणी बघत तर नाही ना याकडे लक्ष ठेवायचो. चौथ्या दिवशी ते लोण्यासारखं लागलं. मी ते कापून भट्टीमागच्या कचऱ्यात टाकलं. शंकू स्पिरिटनं पुसला आणि कोणालाच सांगितलं नाही. बाहेरचे पाहुणे आले की मालक माझ्याकडे हात करून म्हणायचे, या माणसाची नजर चुकत नाही. निवृत्त होईपर्यंत मी ते ऐकून घेतलं.

या मार्चमध्ये मळवलीला गेलो. मावशी आता एका बंगल्याची देखभाल करतात. अंगणात वाळत घातलेल्या चादरी काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, मला माहीतच होतं माझा दोष नव्हता. त्या खाली बसल्या.

"म्या तर माझाच दोष समजले," त्या म्हणाल्या. "हात धुतला तरी तेल ऱ्हायलं आसंल वाईच, आसं. इमान गेलं वरनं की मी बघायची नीट खाली उतरंस्तवर. हाताला तेल न्हाई लावलं त्या दिसापास्नं."

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या. मला माफी मागायची होती, शब्द तयार करून गेलो होतो.

"तुमाला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"पुढच्याच दसऱ्याला."

त्यांनी एक चादर घडी केली, मग दुसरी. "माझ्यापाशी काय सांगता, भाऊ. पिशवी सगळ्या बायांम्होरं उघडली हुती. तितं जाऊन सांगा."

मी मालकांकडे गेलो. आता त्यांचा मुलगा बघतो. तो आदरानं बोलला, चहा दिला, पण फाइलला हात लावू देईना. म्हणाला, काका, एक जुनं कारण बदललं तर माल घेणारे बाकीची सगळी कारणं तपासायला बसतील. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या सहीवर किती विश्वास टाकला गेला होता, ते तेव्हा समजलं.

मग मी पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर थांबलो. त्या दुपारच्या बायकांपैकी दोघीच अजून कामावर आहेत. मी त्यांना सांगितलं. रस्त्यावरून ट्रक जात होते, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं आणि नव्या मुलीही ऐकत उभ्या राहिल्या.

दोघींतली थोरली माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आमी तिच्या घरी जानं सोडलं हुतं, भाऊ. लेकीच्या लग्नालाबी गेलो न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत तिनं दुसरीला विचारलं, रविवारी सुट्टी आहे का. दुसरी म्हणाली, आहे. मीही मळवलीला येऊ का, असं मी विचारलं. थोरली म्हणाली, "तुमी नगं." आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या.