काका, ते नका सांगू

शाळेने मला गळ्यात घालायला कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं, पॅराप्रोफेशनल इंटरप्रिटर. मुलाने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बाबा, म्हणजे पक्के दुभाषी नाही, कच्चे." म्हटलं, कच्चा तर कच्चा. चौथीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. आता म्हातारपणी सिडनीतल्या शाळेत जाऊन बसायचं होतं, तेही पगार घेऊन.

मला हे काम मिळालं ते बायकोमुळे. ती बहिरी होती. लहानपणी तापात कान गेले. लग्न झालं तेव्हा मला एक खूण येत नव्हती, तिने शिकवलं सगळं. मुलगा इथे शिकायला आला, राहिला आणि आम्हाला घेऊन आला. मग ती इथल्या बहिऱ्यांच्या क्लबात जायला लागली. मी ट्रेनने सोडायला जायचो आणि परत कुठे यायचं म्हणून तिथेच बसून राहायचो. मला भाजीच्या गोदामात कामापुरतं इंग्रजी यायच्या आधी तिला इथल्या खुणा आल्या. बघून बघून मलाही आल्या.

कोरोनाच्या पहिल्या हिवाळ्यात ती गेली. कोरोनाने नाही, हार्टने. हॉस्पिटलात एकालाच आत सोडायचे, तो एक मी. नर्सा, डॉक्टर, सगळे मास्कमध्ये. ती माणसांचे ओठ वाचायची. तिने मला हाताने विचारलं, "सगळ्यांची तोंडं कुठे गेली?" मी म्हटलं, "धुवायला टाकलीत." हसली. त्याच आठवड्यात गेली. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. भंतेजींनी मास्कमधूनच त्रिशरण पंचशील दिलं. तिच्या क्लबातल्या बायका मोबाईलवर बघत होत्या. स्क्रीनवर छोटे छोटे चौकोन आणि प्रत्येकात हात हलत होते.

मला रडू आलं नाही. मुलगा म्हणाला, नंतर येईल. नंतरही आलं नाही. जेवण जायचं, झोप लागायची, पेंडल हिलच्या इंडियन दुकानातून कोथिंबीर आणायचो. हात तेवढे मांडीवर पडून असायचे. घरात सगळ्यांना ऐकू येत होतं, हातांना काही काम नव्हतं.

अशात आमच्या रविवारच्या वंदनेला येणाऱ्या, टूनगॅबीत राहणाऱ्या एका पोराने मुलाला फोन केला. पोरगा म्हणजे चाळिशीचा बाप. विद्यार्थी म्हणून आलेला, आता पीआर झालाय, बस चालवतो. बायको म्हाताऱ्यांच्या होममध्ये कामाला. त्यांची मुलगी दहा-अकरा वर्षांची, जन्मापासून बहिरी. ती नाशिकला आजीपाशी वाढली होती, तिथल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायची. बॉर्डर बंद व्हायच्या जरा आधी तिला इकडे आणलं. शाळेत इथल्या खुणांच्या बाई होत्या, पण पोरीचं बोलणं त्यांना अर्धंच कळायचं. अर्ध्या खुणा नाशिकच्या शाळेतल्या आणि अर्ध्या आजी-नातीने घरी बनवलेल्या. म्हणून मी.

आधी झूमवर एका बाईने ट्रेनिंग दिलं. नियम सोपे. समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही, 'मी'च म्हणायचं. टीचर म्हणाली मला डोकेदुखी आहे, तर आपण सांगायचं, मला डोकेदुखी आहे. पहिला नियम मला जड गेला. बायकोला मी नेहमी थोडक्यात सांगायचो. लग्नाकार्यात कोणी तासभर बोललं की ती विचारायची, काय म्हणाले? मी सांगायचो, काही नाही, जेवायला बोलावलंय. ती चिडायची, एवढं बोलले आणि तू एवढंच?

पहिल्याच दिवशी पोरीने माझ्याकडे नीट बघितलं आणि पंजा कपाळावरून हनुवटीपर्यंत खाली ओढला. दुकानाचं शटर ओढतात तसा. म्हणाली, तुझा चेहरा बंद आहे. तेच माझं नाव पडलं. हाताच्या बोलण्यात प्रत्येकाला एक नाव मिळतं आणि ते आपल्याला निवडता येत नाही. बायको मला मिशीचं टोक ओढून हाक मारायची. ते नाव तिच्याबरोबर गेलं. आता मी शटर.

पोरीच्या आजीचं नाव होतं दातांवर फिरवलेलं बोट, इकडून तिकडे. म्हातारी रोज सकाळी पायरीवर बसून मिशरी लावायची, म्हणून. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. पोरीशी पोटभर बोलणारं माणूस ते एकच. आई-बापाला खा, झोप, ये, शाब्बास एवढं यायचं. बाकी सगळं आजीने करायचं, आणि तिने ते केलंही होतं.

मग तिकडे दुसरी लाट आली. एक दिवस बापाचा फोन.

"काका, आई गेली."

मी विचारलं, "कोरोना?"

"हो. भावाने केलं सगळं. जलदान विधी पण झाला. मी डेपोच्या पार्किंगमध्ये बसून फोनवर बघितला. पोरीला सांगितलं नाहीये. आत्ता कुठे रुळतेय. जाता येत नाही, काय करू सांगून? आणि सांगू कसं?"

खरं कारण ते शेवटचं होतं.

"मी माझ्या मनाने काही सांगणार नाही," मी म्हटलं.

"नक्की ना, काका?"

"माझ्या मनाने नाही."

आजीचा फोटो त्यांनी कपाटात ठेवला होता. पोरगी आंघोळीला गेली की बाहेर काढून मेणबत्ती लावायचे. बाकी काही लपवायची गरजच नव्हती. बैठकीत बसून मोठमोठ्याने बोलायचे, नाशिकला फोन करायचे, रडायचे तेवढं आत जाऊन. घरात एकटी तीच होती जिच्या कानावर चुकूनही काही पडणार नव्हतं.

थोड्या दिवसांत सिडनीत पुन्हा लॉकडाऊन लागला आणि शाळा लॅपटॉपवर आली. वर्ग सुरू व्हायच्या आधी टीचर आम्हा दोघांना वेगळं सोडायची, धडा समजवायला. पोरगी धड्याचं राहू द्यायची. बोट दातांवर फिरवायची आणि पंजा उघडायची. आजी कुठे?

"बापाला विचार."

"बाप फोन दाखवून हात हलवतो. बिघडला म्हणे."

"मग तेच."

"शेजाऱ्यांकडे फोन नाही का? काकाकडे नाही?"

मी पुस्तकाचं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोट. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "माझ्यावर चिडली का ती?" मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही." ती म्हणाली, "तुला काहीच सांगता येत नाही, शटर."

मग तिने विचारणंच सोडलं. लॅपटॉप असा ठेवायची की आम्हाला नुसता पंखा दिसायचा. अभ्यास पाठवेना. टीचरने मीटिंग लावली.

मीटिंगला तीन चौकोन. एकात टीचर, एकात मी, एकात सोफ्यावर बाप आणि त्याच्या शेजारी पोरगी. दोघांच्या मध्ये उशी होती. टीचर माझ्यासाठी सावकाश बोलायची. म्हणाली, मुलगी हुशार आहे, चित्रं छान काढते, पण गेले काही आठवडे ती वर्गात नसतेच. मी डावीकडे झुकून ते सांगितलं. बाप म्हणाला, यस, सॉरी, आम्ही लक्ष देऊ. मी उजवीकडे झुकून ते सांगितलं. डावीकडे टीचर, उजवीकडे बाप, म्हणजे पोरीला कळतं कोण बोलतंय. ही बायकोची पद्धत.

मग टीचरने छातीवर हात ठेवला. म्हणाली, "तुमच्या आई गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं मला. आजी गेल्यामुळे हिलाही किती जड जात असेल."

पोरीच्या आईने शाळेच्या ऑफिसात सांगून ठेवलं होतं, मुलीला जरा सांभाळून घ्या म्हणून. बापाला त्याचा पत्ता नसावा. तो एकदम स्क्रीनच्या जवळ आला आणि मराठीत म्हणाला, "काका, ते नका सांगू."

माझे हात वरच होते. मी डावीकडे झुकलो. बोट दातांवर फिरवलं आणि सांगितलं, गेली, मला फार वाईट वाटलं, तुला किती जड जात असेल. मग उजवीकडे झुकलो आणि सांगितलं, काका, ते नका सांगू.

पोरगी माझ्याकडे बघत नव्हती. बापाकडे बघत होती.

"काय केलंत हे काका तुम्ही?" बाप म्हणाला. मी तेही सांगितलं.

त्याचा हात लॅपटॉपच्या झाकणावर आला. स्क्रीन हलली, छत दिसलं. मग परत सरळ झाली. पोरीने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं होतं. झाकण बंद झालं असतं तर तिला बापाशी बोलता आलं नसतं, हे तिला त्याच्या आधी कळलं. तिने मनगट सोडलं आणि हात उचलले.

"कधी?" मी मराठीत म्हणालो.

बापाने मधली उशी मांडीवर घेतली.

"कधी?" मी पुन्हा म्हणालो, कारण तिने पुन्हा विचारलं.

"दोन महिने झाले."

"काय झालं तिला?"

"श्वास घेता येईना. तिकडे सगळ्यांनाच झालं होतं तेव्हा."

"माझ्यावर चिडली होती?"

"नाही गं." त्याने डोळे पुसले. "तुझा फोटो उशाशी घेऊन झोपायची. चुलता सांगत होता."

"मला का नाही सांगितलं?"

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"तुझ्याशी बोलायला."

मी नेत होतो इकडचं तिकडे. माझा आवाज कसा होता मला माहीत नाही. टीचरला मराठी कळत नव्हतं. तिने हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी सांगितलं, सगळं ठीक आहे ना? बाप सवयीने म्हणाला, "नो वरीज." मी पोरीला सांगितलं, काळजी नको. तिने असं बघितलं, जसं बायको बघायची मी मूर्खासारखं काही बोललो की.

आरवोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, बापाचा फोन आला. "काका, ते माझ्या घरातलं होतं."

"हो."

"एक मिनिट हात खाली ठेवले असते तर?"

"ठेवले नाहीत."

त्याने फोन ठेवला. मी मुद्दाम केलं का, असं मुलानेही विचारलं. मुद्दाम नाही केलं. चुकून झालं असंही नाही. टीचर बोलली, हात हलले. ट्रेनिंगवाल्या बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, अशा वेळी 'इंटरप्रिटर जरा थांबायला सांगतोय' असं म्हणता येतं. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बरं म्हटलं. पोरीचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी सरळ होता. आली, अभ्यास केला, माझ्याशी कामापुरतं बोलली.

लॉकडाऊन उठला. एका सकाळी बाप दारात उभा, बसच्या युनिफॉर्मवर. आत ये म्हटलं तर आला नाही.

"आईचं पुण्यानुमोदन ठेवलंय घरी. तुम्ही याल? पोरीसाठी."

"हे शाळेचं काम नाही."

"नाही. घरचं."

"जे बोलाल ते सगळं सांगेन."

"माहितीये, काका," तो म्हणाला. "आता माहितीये."

बैठकीत आजीचा फोटो कपाटातून बाहेर आलेला होता. पांढरं कापड, फुलं, मेणबत्ती. शेजारच्या दोन-चार घरची माणसं होती. वंदना झाली. पोरगी समोर मांडी घालून बसली होती आणि मी फोटोच्या बाजूला उभा राहून तिला सगळं सांगत होतो. शरण जाण्याला माझ्याकडे शाळेतली खूण नव्हती. बायकोची घरगुती होती, ती वापरली.

मग बाप म्हणाला, कोणाला बोलायचं असेल तर बोला. पोरगी उठली. ती हाताने बोलायला लागली आणि मी तोंडाने.

"मी आजीची नात आहे," मी म्हणालो. "आजी सकाळी मिशरी लावायची. मलाही बोटावर द्यायची आणि म्हणायची, आईला सांगू नको." माणसं हसली. पोरीची आई म्हणाली, अगं बाई. "मला चक्कर यायची. मग आजी गूळ द्यायची. आजी गेली तेव्हा मी इथे गणितं करत होते. मी रोज तिची वाट बघत होते. सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मला तेव्हा रडायचं होतं, सगळ्यांबरोबर."

मागे कोणी बाई कुजबुजली, "हे काका बातम्या वाचल्यासारखं काय बोलतात." मी पोरीला तेही सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं नाव शटर आहे." मी ते मोठ्याने सांगितलं.

बाप उठून पोरीसमोर येऊन बसला. मी हात उचलले. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नको. त्याने स्वतःचं बोट दातांवर फिरवलं. मग पंजे गालाखाली ठेवून मान कलती केली. आजी, झोप. त्याला येत होतं त्यातलं तेवढंच जवळचं होतं. पोरीने मान हलवली, झोपली नाही. गेली कसं म्हणायचं ते तिने करून दाखवलं. त्याने केलं. पहिल्यांदा हात अडखळला, पुन्हा केलं. मी हात खाली घेतले आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

जेवणाची ताटं फिरली. पोरगी ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. वरण-भात खाता खाता तिने विचारलं, "तुझी बायकोपण गेली ना? तिचं नाव काय होतं?"

ते नाव मी तिच्यानंतर केलं नव्हतं. कशाला करणार? बायको कामाला लागायच्या आधी बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची. क्लबातल्या बायकांनीही तिला तेच नाव ठेवलं होतं. मी ताट खाली ठेवलं. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर धरली आणि कोपराकडे सारली.

पोरीने बघितलं आणि करून बघितलं. तिने कोपरावर धरलं आणि मनगटाकडे ओढलं, बांगड्या काढतात तसं.

मी म्हटलं, खाली नाही, वर. तिला जमेना, हाताला भात लागलेला. मी तिची दोन बोटं धरली, मनगटावर ठेवली आणि वर नेली.