पिवळी वडी आणि नातीची अंघोळ

ग्रुपवरच्या मंडळी, सकाळपासून आम्हा जावांत अबोला आहे आणि त्याचं कारण आहे साबणाची एक वडी.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय. आज माझी धाकटी जाऊ दवनीवाड्याहून नातीसाठी घरी केलेला साबण घेऊन आली. "शुद्ध खोबरेलाचा आहे जी ताई. ग्रुपवरच्यांनाही वाटला, 'लई मऊ वाटते' म्हणतात," म्हणाली.

खोबरेलाचा साबण पांढरा होतो. हा पिवळा होता आणि त्याला टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा वास येत होता. त्या तेलातले वडे खाऊन मी वाढलेय. तो वास मला फसवत नाही.

"खोबरेल किती घातलं वं?"

"थोडंसंच. महाग झालं ना! बाकी टोरीचं टाकलं. तेल म्हंजे तेल."

"आणि कॉस्टिक सोडा?"

"मोबाइलवर खोबरेलासाठी सांगतला तेवढाच. त्यात काटकसर नाही केली!"

तिथेच पाल चुकचुकली. टोरीच्या तेलाला सोडा कमी लागतो. मग उरलेला जाणार कुठे? माझ्या नातीच्या कातडीवर?

"काऊन जी, माह्यावर भरोसा नाही का?"

"आहे ना. म्हणून तूच आधी जीभ लावून पाह्य. सोडा उरला असंल तर झणझणंल."

तिने लावली. झटका बसल्यासारखी जीभ मागे घेतली आणि पदराने पुसली. वडी पिशवीत टाकून, चहा न घेता निघून गेली. नातीची अंघोळ बेसनाने झाली.

आता खरं सांगा, त्याच घाण्यातल्या वड्या तुमच्यापैकी कोणाकोणाकडे पोचल्यात? आणि "लई मऊ वाटते" असं तिला कोणी कळवलं होतं?